मिक्सरच्या मुठीचा स्क्रू गुळगुळीत झालाय, काय करू?

खटपटी | शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे डोंबिवलीला बाथरूममध्ये वॉल मिक्सर आहे, बिल्डिंग ९८ सालची आणि मिक्सरपण तेव्हाचाच, दोन मुठींचा, एकीवर लाल बटण एकीवर निळं. गेले दोन महिने गरम पाण्याची बाजू ठिबकतेय, आधी थेंब थेंब होतं, आता रात्री बादली लावली की सकाळी अर्धी भरलेली असते. वायसर गेलाय एवढं मला कळतं. पण वायसर बदलायचा तर आधी मूठ काढायला हवी, म्हणून काल नवरा टूरवर आणि लेक क्लासला असं बघून (म्हणजे टोकायला कोणी नाही) लाल बटण सुरीने उचकटलं, आत स्टारचा स्क्रू दिसला, घरातला स्क्रूड्रायव्हर लावला, जोर केला, कर्रर्र आवाज आला, परत जोर केला, परत कर्रर्र, आणि आता फुलीच्या जागी छान गोल खड्डा झालाय. स्क्रू तसूभरही हललेला नाही.

प्लंबरला बोलावलं होतं. तो म्हणाला मूठ फोडावी लागेल, या मॉडेलची मूठ आता मिळत नाही, म्हणजे पूर्ण मिक्सर बदला, आणि मिक्सर काढताना चारसहा टाइल्स जातील त्या धरून खर्च सांगतो. तो खर्च ऐकून सासूबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. त्यांचं म्हणणं एवढा जड पितळी मिक्सर आता बाजारात मिळत नाही, आणि मलाही ते पटतंय.

तर मूठ न फोडता स्क्रू कसा काढायचा ते सांगा. माझ्याकडे साधं ड्रिल आहे, हातोडी, पक्कड, हॅक्सॉ ब्लेड आहे.

वाचनमात्र | ९.५२

दुसरा प्लंबर बोलवा.

खटपटी | ९.५५

हो, आणि धागा इथेच बंद करा. :)

भोसरीचा_फिटर | १०.२०

ताई आधी हात थांबवा. आता त्या स्क्रूला अजून एकदासुद्धा फिरवू नका. जेवढी खाच उरलीय तेवढीच आपली पुंजी आहे.

दोन गोष्टी सांगा. एक, कोणता स्क्रूड्रायव्हर लावला होता, त्याचं टोक कसं आहे? दोन, स्क्रूचं डोकं मुठीच्या बाहेर आलंय का आत विहिरीत बसलंय? यावर सगळं अवलंबून आहे, लोक आता दहा उपाय सांगतील त्यातले सहा डोकं वर असेल तरच चालतात.

खटपटी | १०.३१

आत विहिरीत आहे दादा, साधारण बोटाचं अर्धं पेर खोल. स्क्रूड्रायव्हर म्हणजे तो एका दांड्यात दहा टोकं असतात ना, तो सेट. लेकीच्या सायकलबरोबर की कशाबरोबर तरी फुकट आला होता. टोक बघितलं तर त्याच्याच धारा गोल झाल्यात.

भोसरीचा_फिटर | १०.५०

झालं तर मग, अर्धी चूक स्क्रूड्रायव्हरची आणि अर्धी तुमची, रागावू नका.

नळाच्या मुठीला बहुतेक वेळा पीएच २ मापाचं टोक लागतं (पीएच म्हणजे फिलिप्स, साधी फुली; आकडा मापाचा, मोठा आकडा मोठं टोक). तुमच्या सेटमधलं पीएच १ असणार, ते खाचेत जातं पण भिंतींना घट्ट टेकत नाही, डुलतं. शिवाय फुकटच्या सेटचं लोखंड स्क्रूपेक्षा मऊ. आणि फुलीच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, तळाकडे निमुळत्या, त्यामुळे फिरवायचा जोर वाढला की टोक आपोआप वर ढकललं जातं आणि वर येता येता खाच खरवडतं. तो कर्रर्र आवाज म्हणजे तेच. म्हणून फुलीच्या स्क्रूला रुपयातले बारा आणे जोर दाबायला आणि चार आणे फिरवायला. आपण सगळे उलटं करतो.

आज हार्डवेअरच्या दुकानातून एक चांगला पीएच २ आणा, टपारियाचा आणलात तरी पुरे, आयुष्यभर टिकेल. खाच थोडी तरी उरली असेल तर नवं कडक टोक धरू शकतं. लावायच्या आधी खाचेतला क्षार, साबणाची घाण सुईने कोरून काढा. निम्म्या वेळा लोकांचा स्क्रू घासलेला नसतोच, खाच भरलेली असते त्यामुळे टोक आत जात नाही.

एक_पुणेरी | ११.०५

रबरबँड. रुंद रबरबँड खाचेवर पसरायचा, त्यावरून टोक दाबायचं आणि हळू फिरवायचं. इंटरनेटवर लाखो लोकांनी बघितलेला उपाय आहे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा अजून चांगला.

रत्नांग्रीकर | ११.३०

रबरबँड फक्त व्हिडिओत चालतो हो. ज्या स्क्रूला गंज नाही आणि खाच किंचित घासलीय तिथे ठीक, जाम झालेल्या स्क्रूला रबर फाटून त्याचा चिवडा होतो. तो चिवडा नंतर कोरत बसा.

आमच्या घरी (समुद्र अर्ध्या किलोमीटरवर, त्यामुळे लोखंड म्हटलं की दोन पावसाळे) पडवीच्या दाराच्या बिजागऱ्या बदलायच्या होत्या. बारा स्क्रू. सात निघाले, पाचांच्या खाचाच उरल्या नव्हत्या, नुसता तांबडा भुगा. आमचे वडील म्हणाले घासलेट घाल आणि दोन दिवस विसरून जा. तसं केलं, सकाळ संध्याकाळ चार चार थेंब. दोन दिवसांनी टोक लावून वरून हातोडीचे हलके ठोके, आणि पहिल्यांदा सोडवायच्या दिशेने नाही तर आवळायच्या दिशेने किंचित. गंजाची पकड एकदा तुटली की मग उलट. तीन असे निघाले. उरलेल्या दोनांची डोकी वर होती त्यांना हॅक्सॉने आडवी खाच पाडली आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने काढले.

भोकं मोठी झाली होती त्यात चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काटक्या फेविकॉल लावून ठोकल्या, वरचं तासलं, दुसऱ्या दिवशी नवीन स्क्रू. चार वर्षं झाली दार लोंबलेलं नाही.

आज्जीचा_बटवा | ११.४२

स्क्रू लाकडात बसवताना साबणावर घासून बसवायचा म्हणजे पुढच्या वेळी सहज निघतो. आमचे सुतारकाका असंच करायचे.

रत्नांग्रीकर | ११.५०

साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. मेणबत्तीवर घासा. सुतारकाकांना सांगू नका मी म्हटलं म्हणून.

झटपट_उपाय | दुपारी १२.१५

सोप्पंय. संडास धुवायचं ॲसिड दोन थेंब टाका, गंज क्षार सगळं जळून जाईल, पाच मिनिटात स्क्रू हातात.

निवृत्त_मास्तर | १२.२८

कृपया हे करू नये. त्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. क्षार विरघळेल हे खरं, पण क्रोमचा मुलामाही काळा पडून सुटेल, आणि मूठ वाचवण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय. शिवाय त्याच बाथरूममध्ये कोणी ब्लीच वापरलेलं असेल आणि दोन्ही एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो गमतीचा विषय नाही. चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय म्हणून थोडं कडक बोललो.

साधं पांढरं व्हिनेगर घ्यावं, त्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. डोंबिवलीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर आतला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून त्या विहिरीत अर्धा तास ठेवा, बुडबुडे दिसतील. मग साध्या पाण्याने धुवा. क्षार गेला की मग तेल. आधी तेल घातलंत तर व्हिनेगर आत शिरणारच नाही, क्रम महत्त्वाचा.

झटपट_उपाय | १२.३५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

लेथवाला | १२.५०

मास्तरांना अनुमोदन. तेल म्हणून डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं. गंमत म्हणजे ते मुळात जाम स्क्रू सोडवायला बनलेलंच नव्हतं, १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला पाणी दूर ठेवून गंज रोखण्यासाठी बनवलं आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. चालतं चांगलं, पण घासलेट मिळत असेल तर तेही कमी नाही.

अजून एक. स्पिंडल (मूठ ज्या दांड्यावर बसते तो) पितळेचा आणि स्क्रू लोखंडी असणार. तापवलं की पितळ लोखंडापेक्षा साधारण दीडपट पसरतं. म्हणजे गीझर चालू करून गरम पाण्याची बाजू पाचदहा मिनिटं सोडा, मूठ चांगली गरम झाली की मग प्रयत्न करा. फुकटचा उपाय आहे.

एक_पुणेरी | १.०२

गीझरच्या पाण्याने असं किती पसरणार? हिशोब केलाय का?

लेथवाला | १.२०

केलाय. ४ मिलीमीटरचा स्क्रू, तापमानात ४० अंशांचा फरक, तर भोक आणि स्क्रू यातला फरक सुमारे १ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा पन्नासावा साठावा भाग म्हणा. एवढ्याने स्क्रू गळून पडत नाही, पण गंज आणि क्षार ठिसूळ असतात त्यांना तेवढं हललेलं पुरतं, बारीक तडा जातो आणि त्यातून तेल आत शिरतं. दोनतीनदा गरम गार केलं तर अजून चांगलं.

ब्रॅम्प्टनकर | १.३५

इथे कॅनडात रॉबर्टसनचे चौकोनी खाचेचे स्क्रू सगळीकडे, १९०८ पासूनची त्यांची परंपरा, टोक एकदा बसलं की स्क्रू टोकाला लटकून राहतो, एका हाताने बसवता येतो. नंबर दोनच्या स्क्रूड्रायव्हरचा दांडा लाल, एकचा हिरवा, तीनचा काळा, त्यामुळे चुकीचं माप लागायचा प्रश्नच नाही. फुलीचे स्क्रू इथे आले की आम्हीपण शिव्या घालतो. ताईंना याचा काही उपयोग नाही हे माहितीय, पण राहवलं नाही. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

सर्व्हिसिंग_स्वतः | १.५०

अवांतर चाललंच आहे तर सांगतो, सगळ्या फुल्या सारख्या नसतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांचे स्क्रू नीट बघा, फुलीच्या मधल्या चार कोपऱ्यात चार बारीक रेघा दिसतील, ते पोझीड्राइव्ह, त्याला पीझेड २ टोक लागतं. तिथे साधा पीएच २ लावलात की सैल बसतो आणि घासतो. आणि जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांचे, म्हणजे आमची आरएक्स १०० वगैरे, स्क्रू दिसायला तसेच पण खाच वेगळी, नव्या स्क्रूवर एक बारीक ठिपका असतो. मी पहिल्यांदा इंजिनच्या कव्हरचे स्क्रू घरच्या स्क्रूड्रायव्हरने काढायला गेलो आणि सहातले चार गुळगुळीत केले. मग गॅरेजवाल्याने इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, वरून हातोडी मारायची आणि मार बसता बसता टोक फिरतं, दाबणं आणि फिरवणं एकदम. ठण्ण ठण्ण, चार ठोक्यात चार स्क्रू. माझे सहाशे रुपये आणि इज्जत गेली.

खटपटी ताईंनी तो आणावा, गॅरेजवाल्याकडून अर्ध्या तासासाठी मिळेल.

भोसरीचा_फिटर | २.१०

नको नको नको. भिंतीतल्या मिक्सरवर इम्पॅक्ट ड्रायव्हर अजिबात नाही. इंजिनला मागे वजन असतं, मार ते खातं. इथे मार जाणार भिंतीतल्या जोडांवर आणि टाइल्सवर. २५ वर्षांपूर्वीचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप असतील तर आतले आटे आधीच गंजलेले, आतला जोड गळायला लागला तर खालच्या मजल्याच्या छताला ओल, मग सोसायटीची मीटिंग. बेसिनच्या, कमोडच्या जवळही हातोडी नाही, चिनी माती एका ठोक्यात जाते.

खटपटी | संध्याकाळी ७.१५

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. दिवसभराचा रिपोर्ट देते.

दुपारी एक वाजता पीएच २ आणला. दुकानदाराने विचारलं साहेबांनी मागवलाय का, मी म्हटलं हो साहेबांनीच, आणि साहेब मीच. असो. व्हिनेगर मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे, खरंच बुडबुडे आले आणि पिठासारखं पांढरं बाहेर आलं. खाच थोडी दिसायला लागली, चार पाकळ्यांपैकी दोन जरा बऱ्या आहेत, दोन गेल्याच. मग धुवून, पुसून, डब्ल्यूडी-४०, गीझर, गरम, गार, परत गरम. सासूबाई म्हणाल्या एवढ्या पाण्यात माझ्या दोन आंघोळी झाल्या असत्या.

पाचला नवीन स्क्रूड्रायव्हर लावला, बारा आणे दाबलं, चार आणे फिरवलं. पहिल्यांदाच असं वाटलं की टोकाने काहीतरी धरलंय. जरा हललं पण!! नंतर कळलं स्क्रू नाही हलला, मूठच फिरली स्पिंडलसकट. मग सासूबाईंनी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि मी दाबलं, परत कर्रर्र. उरलेल्या दोन पाकळ्यांपैकी एक गेली. रबरबँडपण लावून बघितला, रत्नांग्रीकर म्हणाले तसा चिवडा झाला, अजून थोडा आत आहे.

हॅक्सॉ आत जात नाही, पक्कड पोचत नाही. आता?

एक_पुणेरी | ७.३०

स्क्रू एक्स्ट्रॅक्टर. उलट्या आट्याचा असतो, मध्ये भोक पाडायचं आणि तो उलटा फिरवत आत घालायचा, धरतो आणि स्क्रू घेऊन बाहेर येतो. ऑनलाईन सेट मिळतात.

लेथवाला | ७.४८

आम्ही कारखान्यात त्याला ईझी आऊट म्हणतो, आणि तो ईझी अजिबात नसतो. मोठ्या बोल्टला ठीक. ४ मिलीमीटरच्या स्क्रूत भोक पाडायचं दीडदोन मिलीमीटरचं, त्यात बसणारा एक्स्ट्रॅक्टर काडीएवढा, आणि तो कडक पोलादाचा म्हणजे ठिसूळ. आत तुटला तर त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही. स्वस्तातला सेट असेल तर तुटणारच. मग प्लंबर म्हणाला होता तीच वेळ.

कुकरवाली | ८.०५

मी फेवीक्विकने चिकटवून काढला होता एकदा, कुकरच्या दांडीचा स्क्रू. टोक खाचेत चिकटवलं, तासाभराने फिरवलं. निघाला. पण तो काही जाम नव्हता, नुसता घासलेला होता. आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक अजून पांढरं आहे.

भोसरीचा_फिटर | ८.४०

ताई, तुम्ही प्रामाणिकपणे सगळं करून बघितलंत, आता शेवटचा उपाय, आणि खरं सांगायचं तर हाच सगळ्यात सरळ आहे, लोक उगाच घाबरतात.

स्क्रू काढायचाच नाही. त्याचं डोकं उडवायचं.

मूठ कशाने अडकलीय? डोक्याने. स्क्रूचे आटे स्पिंडलमध्ये आहेत, मुठीत आटे नाहीतच, मूठ नुसती दात्यांवर बसलीय आणि डोकं तिला दाबून धरतंय. डोकं गेलं की मूठ सरळ बाहेर. आणि पुढची गंमत म्हणजे स्क्रू जाम असतो त्यातला बराचसा जोर डोक्याखालच्या ताणाचा असतो. डोकं गेलं की ताण गेला, मागे उरलेला बुडखा बऱ्याचदा पकडीने सहज फिरतो. तो मुठीच्या जाडीएवढा बाहेर असेलच, धरायला जागा मिळेल.

कसं करायचं ते लिहितो.

गीझर बंद, त्याचा स्विच बंद, बाथरूमचा मेन कॉक बंद, तो नीट बंद होत नसेल तर टाकीवरचा. मिक्सरचे दोन्ही नळ उघडून पाणी काढून टाका, मग गरम बाजू परत घट्ट बंद करा. ड्रिल सुलटं फिरतं म्हणजे मूठ बंदच्याच दिशेने ढकलली जाईल, ती आधीच बंद असली की जागची हलणार नाही.

खाली जाळीवर फडकं टाका. स्क्रूचं डोकं नहाणीच्या ट्रॅपमध्ये गेलं तर तो वेगळा धागा.

ड्रिलचं बिट लोखंडात भोक पाडायचं घ्या, एचएसएस म्हणून मागा. भिंतीला वापरतो ते चालणार नाही, त्याने नुसतं घासेल आणि तापेल. एक ३ मिलीमीटर, एक ४.५ आणि एक ५. तुमच्या त्या गोल खड्ड्याचा आता फायदा आहे, बिट आपोआप मध्ये बसेल, ठोकून खूण करायला नको. आधी ३ ने साधारण डोक्याच्या जाडीएवढं, मग ४.५ ने. अगदी हळू, जितकं हळू फिरवता येईल तितकं, जोर मात्र सतत. थेंबभर तेल. लोखंडाचे केस निघायला हवेत, धूर निघाला तर थांबा.

४.५ चं बिट डोक्याच्या तळाशी पोचलं की डोकं वॉशरसारखं सुटून बिटावर चढेल. नाही सुटलं तर ५ चं. त्याच्या पुढे जाऊ नका.

सुरक्षा_आधी | ८.५५

चष्मा लावा. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर तो गंजतो. आणि बाथरूममध्ये वायरचं ड्रिल वापरताय तर फरशी कोरडी करा, पायात रबरी चपला, आणि घराच्या बोर्डावर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का ते आधी बघा. शेजाऱ्यांकडे बॅटरीचं ड्रिल असेल तर तेच आणा, उत्तम.

निवृत्त_मास्तर | ९.१०

वरील सूचना फार महत्त्वाची. फिटर साहेबांचं विवेचन वर्गात शिकवावं असं आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली).

वाचनमात्र | ९.२०

मी अजूनही म्हणतो दुसरा प्लंबर बोलवा. पण वाचतोय.

खटपटी | रविवार, दुपारी १२.४५

निघाला!!!!

थांबा, नीट सांगते. वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून बॅटरीचं ड्रिल आणलं. तो स्वतःच करून देतो म्हणत होता, त्याला म्हटलं तू फक्त टॉर्च धर. पाणी बंद, फडकं, चष्मा (सासूबाईंचा वाचायचा नाही, लेकीचा लॅबचा). तेल टाकून ३ चं बिट. पहिली दहा सेकंदं काहीच होईना, नुसतं चकाकत होतं, मग फिटरदादांचं वाक्य आठवलं, जोर सतत, आणि एकदम बारीक चकचकीत केस निघायला लागले, वळणावळणाचे, शंकरपाळ्याच्या कातणीने कापल्यासारखे. मला इतका आनंद झाला की मी थांबून फोटो काढला. मुलगा म्हणाला काकू आधी काम संपवा.

४.५ च्या बिटाने अर्ध्यात एकदम झटका बसला, बिट अडकलं, मला वाटलं मोडलं. ड्रिल उलटं फिरवून बाहेर काढलं, परत हळू. मग अचानक टक्क असा आवाज आणि बिट बाहेर काढलं तर त्याच्यावर स्क्रूचं डोकं अंगठीसारखं चढलेलं. खरंच तसंच!

मूठ मात्र लगेच आली नाही. पंचवीस वर्षांचा क्षार दात्यांमध्ये. परत व्हिनेगर, परत गरम पाणी, या वेळी बाहेरून तांब्याने ओतलं, आणि मग डावीउजवीकडे हलवत हलवत ओढली तर एकदम हातात, मी मागे भिंतीवर. मुठीला चरासुद्धा नाही, आत विहिरीच्या तळाशी किंचित बिट लागलंय ते बटणाखाली झाकलं जातं.

आणि बुडखा! साधारण पाच मिलीमीटर बाहेर होता. मुलाने त्याच्या बाबांची वाइस ग्रिप आणली, लावली, आणि अर्धा फेरा पकडीने, पुढचं हाताने. बोटांनी, दादा, बोटांनी! काल ज्याच्यासाठी मी आणि सासूबाई दोघी घाम गाळत होतो तो बोटांनी फिरत होता.

भोसरीचा_फिटर | दुपारी १.१०

वा ताई. बिट अडकलं तेव्हा घाबरून जोर केला नाहीत हे उत्तम.

आता घाईने जोडू नका. स्पिंडल पान्याने सोडवून बाहेर काढा, वायसर बदला, आणि आत करंगळी घालून सीट (वायसर जिथे टेकतो ती कड) बघा. कड गुळगुळीत लागली तर ठीक, खरखरीत खाच लागली तर नवीन वायसरही महिनाभरात कापला जाईल. स्पिंडलवरचा ओ-रिंगपण बदला. जुना बुडखा दुकानात घेऊन जा, त्याच मापाचा स्टेनलेसचा स्क्रू मागा, लांबी जास्त घेऊ नका नाहीतर तळाला टेकेल आणि मूठ सैल राहील.

लेथवाला | १.३०

स्क्रूच्या आट्यांना ग्रीस किंवा चक्क व्हॅसलीन लावा. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, हेच तर मूळ दुखणं होतं. आणि खच्चून आवळू नका, मूठ हलली नाही म्हणजे झालं.

कोथरूडचा_बोर्ड | ३.००

याच धाग्यात विचारतो, माझ्या स्विचबोर्डाच्या प्लेटचा एक स्क्रू असाच फिरतोय, घासला नाहीये, खाच चांगली आहे पण नुसता गोल गोल फिरतो, बाहेर येत नाही. डोकं उडवू का?

भोसरीचा_फिटर | ३.२५

तुमचा आजार वेगळा आहे. खाच शाबूत आणि स्क्रू नुसता फिरतोय म्हणजे आतले आटे गेलेत, किंवा डब्यातला नट सुटून स्क्रूबरोबर फिरतोय. ड्रिलची गरज नाही. घराचा मेन स्विच बंद करा, नुसतं बोर्डाचं बटण नाही, मेन. मग प्लेटच्या कडेखाली चपटं टोक घालून प्लेट हलकी वर उचलून धरा आणि तसंच धरून स्क्रू उलटा फिरवा. मागून ताण मिळाला की उरलेसुरले आटे धरतात आणि स्क्रू वर येतो. टेस्टर लावल्याशिवाय आत बोट घालू नका.

कोथरूडचा_बोर्ड | ५.४०

आला. पाच मिनिटं लागली. नटच फिरत होता. धन्यवाद.

खटपटी | रात्री ८.३०

शेवटचा रिपोर्ट. सीट गुळगुळीत होती. वायसर दहा रुपये, ओ-रिंग पाच, स्टेनलेसचा स्क्रू दुकानदाराने बुडखा बघून शोधून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला साहेबांना सांगा जमलं. बिटं आणि स्क्रूड्रायव्हर धरून खर्च पाचशेच्या आत. नळ बंद आहे, चार तास झाले, खाली बादली ठेवलीय आणि कोरडी आहे. सासूबाई मध्ये मध्ये जाऊन बघून येतात.

मूठ बसवल्यावर वाटलं की निळ्या बाजूचा स्क्रूपण असाच पंचवीस वर्षं बसलाय, तो ठिबकायला लागेपर्यंत कशाला थांबा. बटण काढलं, क्षार कोरला, व्हिनेगर, तेल, तासभर थांबले, नवीन पीएच २ लावला, अंग टाकून दाबलं आणि हळूच फिरवलं. पाव फेऱ्यात सुटला.

भोसरीचा_फिटर | ८.४२

ग्रीस लावून परत बसवलात ना?

खटपटी | ८.४४

व्हॅसलीन. लेकीच्या कपाटातलं.